मुकादम, भाग दोन

पोरगा रॅप करायचा आणि अल्बममध्ये बापाचंच सोंग घ्यायचा. तोच घोगरा आवाज, तोच खोकला, पट्ट्याचा तोच फटकारा. सोंगाचं नावही 'मुकादम', बाप कारखान्यात होता तेच. मोजक्याच पण कट्टर चाहत्यांनी पहिला भाग डोक्यावर घेतला होता.

आज दुसरा भाग आला. बाप मोबाईलवर प्रतिक्रिया वाचत बसला.

"शेवटच्या गाण्यात मुकादम पोराची माफी मागतो? काहीही हं!"

"असली माणसं मरेपर्यंत माफी मागत नाहीत, भावा. इथंच अल्बम झोपला."

बापाने ते गाणं पुन्हा लावलं. त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणत होतं, "चुकलो रे, बाळा."



चाहत्यांचं खरंच होतं. वाट बघून बघून शेवटी पोराने ते स्वतःच म्हणून घेतलं होतं.