तिसरी

सरकारनं मालगुजारांची जमीनदारी मोडली त्या उन्हाळ्यात लटारूची दुसरी बायकोही बाळंतपणात मेली. दवाखाना वीस कोस लांब होता, पण गावानं दोष लावला नशिबाला. तिसरीही जगणार नाही म्हणाले. मग उपाय निघाला. आपलं मरण ढकलायला माणसाला झाड बरं सापडतं!

बांधावरच्या रुईला हळद लावली, लुगडं गुंडाळलं, काळ्या मण्यांचं डोरलं बांधलं. तिसरी बायको ती. तिला तोडली की चौथी सुखानं नांदणार.

"घाव घालाच्या आंधी हात जोड, इचार तिले," बहीण भागीरथा म्हणाली.

"झाडाले काय इचाराचं वो बाई? नाई म्हनन का थे?" लटारू हसला. एका घावात रुई पडली. पांढरा चीक भळभळला. डोरलं पुसून त्यानं तेच नव्या नवरीच्या, सुगंधाच्या गळ्यात बांधलं.

सुगंधा कामाला वाघीण निघाली. फक्त गोठ्यातली गाय तिचा हात हुंगून मान फिरवायची, ढोरं रुईपासून फिरवतात तशी.

एका दुपारी सरपण तोडून लटारू घरात शिरला. सुगंधा विळीवर वांगी चिरत होती. बोट कापलं होतं.

"पान्यात धर ना," म्हणत तो वाकला.

रक्त नव्हतंच. बोटातून पांढरा चीक वांग्यांवर ठिबकत होता.

सुगंधानं बोटाकडे पाहिलंही नाही. ती त्याच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडे बघत होती.

"या खेपेले तरी," ती म्हणाली, "तोडाच्या आंधी इचारा जी."