माग चालू ठेवा

फोन वाजला तशी रोशनी धावत आतल्या खोलीत गेली, हातमागावर बसली आणि दोन्ही पाय खालच्या लाकडी पावड्यांवर ठेवले. तिच्या आईने, अनुसयाने, आरशावर चिकटवलेली टिकली काढून कपाळाला लावली.

"अश्विन, तू मांगं हो गा," ती पुतण्याला म्हणाली. "तुहं डोकं दिसलं त सारं संपलं."

अश्विन दाराआड सरकला. तासाभरापूर्वी तो घाटावरून काकाचं दहावं करून, केस काढून आला होता. अनुसयाचा नवरा श्रावण जाऊन दहा दिवस झाले होते. आणि त्याच्या एकुलत्या एका मुलाला, अमेरिकेतल्या भूपेशला, ते कोणीच कळवलं नव्हतं.

हा उद्योग श्रावणनेच जाता जाता सांगून ठेवला होता. भूपेशच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. तिथे राहून नोकरी करायला हरकत नव्हती. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत जायला नवा शिक्का लागणार, आणि त्यासाठी इकडे येऊन मुलाखत द्यावी लागणार. पूर्वी हे काम आठ-पंधरा दिवसांत उरकायचं. आता नियम बदलले, तपासण्या वाढल्या आणि मुलाखतीच्या तारखा वर्षभर पुढे जाऊ लागल्या. गल्लीतला साहिल असाच अमेरिकेतून बहिणीच्या लग्नासाठी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता. त्याची तारीख दोनदा पुढे गेली, मग नोकरी गेली. तिकडे त्याची बायको एकटीच घरातलं सामान विकत बसली होती. साहिल रोज संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर उभा असायचा. आधी लोक विचारायचे, कधी चालला? आता विचारतही नव्हते.

श्रावण त्याला रोज पाहायचा. म्हणूनच दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला होता, "भूपेशले सांगू नका. तो आला त त्याचा साहिल होईन. वैभवीसारखी बायको हाये, पोरगी शाळेत जाते. फोन आला त सांगा, मी मागावर बसलो हावो."

थाप खपण्यासारखीच होती. गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत एकेकाळी घरोघरी माग होते, आता श्रावणचा एकटाच उरला होता. एका पायाने अधू, कानाने कमी, पण मागावर बसला की जेवायलाही हाका माराव्या लागत. फोनवर तो बोलतच नसे. आतून माग खटखटत असायचा आणि तेवढ्यावर भूपेशला बापाची खुशाली कळायची. म्हणून गेले नऊ दिवस फोन आला की रोशनी बापाची अर्धी राहिलेली साडी पुढे विणत होती. तिला ते कामही धड येत नव्हतं. फोन ठेवल्यावरच रडायचं, असं मायलेकींनी ठरवून टाकलं होतं.

स्क्रीनवर भूपेश दिसला. कानांवरून ओढलेली लोकरीची टोपी, दाढी वाढलेली.

"घरात टोपी काहून घालून राहिला गा?"

"थंडी हाये, आई. जेवली?"

"जेवली न. पाटोडी केली होती. तुह्या बाबानं दोनदा मांगून खाल्ली. तिखट झाली म्हणे, तरी खाल्ली."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जरा जास्तच सांगून बसतं. भूपेश ऐकत राहिला. आत माग चालू होता. मग अचानक धागा तुटला आणि आवाज थांबला.

"धागा तुटला वाटते त्यायचा," अनुसया घाईने म्हणाली. "जोडतीन आता."

"आई, रोशनीले म्हण, पुरे कर."

"रोशनी कुठची आली इथं? ते त तुहे बाबा..."

"बाबाचा डावा पाय अधू होता. एक पावडी जोरात पडे, एक हळू. त्या आवाजात झोपून मी लहानाचा मोठा झालो. नऊ दिवस झाले, दोन्ही पावड्या सारख्याच पडून राहिल्या. पहिल्याच दिवशी समजलं मले. तेव्हापासून दिवस मोजून राहिलो."

त्याने टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता. कानाजवळ दोन ठिकाणी कापलं होतं.

"वैभवीनं काढले," तो म्हणाला. "दाढीच्या मशीननं."

दाराआड उभ्या असलेल्या अश्विनचा हात आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला. रोशनी मागावरून उठून आईच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या बोटांत तुटलेला धागा तसाच होता. पोराच्या वाटचं ओझं आपण उचललं, या एका गोष्टीवर अनुसयाने हे दहा दिवस काढले होते. आणि पोरगा पहिल्या दिवसापासून तिकडे एकटाच बसून सुतक पाळत होता. तिला त्याची फार दया आली.

"मंग बोलला काहून नाही गा, बापू?" ती म्हणाली. "आमी काय तुले ये म्हटलं असतं?"

भूपेशने मान खाली घातली. त्याच्या मागे, दुसऱ्या खोलीतून, लहान मुलीच्या हसण्याचा आवाज आला.

"तुमी नसतं म्हटलं, आई. पण बाबा गेले हे मले माहीत हाये, असं एकदा बोललो असतो, त पोरगा म्हणून मले यावं लागलं असतं."