समजुतीचा सराव

“आधी बसा, अम्मा,” डॉक्टर प्रणीत म्हणाला.

स्रवंती बसली नाही. नवं अँटिबायोटिक टोचल्यापासून वॉर्डात तिच्या तीन वर्षांच्या हासिनीच्या पाठीवर लाल गांधी उठल्या होत्या, आणि हा खुर्ची दाखवत होता.

विशाखापट्टणमच्या त्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांसाठी एक खोली होती. खाट खरी, खुर्ची खरी. जाड चष्मा चढवला की तिथे त्यांना पेशंट दिसत, नातेवाईक दिसत. बाहेरच्याला मात्र ते रिकाम्या खुर्चीची मनधरणी करताना दिसायचे. काल सिस्टर कृपावतीने ती गंमत दाखवून स्रवंतीला हसवलं होतं. वर म्हणाली होती, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. साबणाच्या जाहिरातीत पाहिलं असेल, असं स्रवंतीने सांगितलं. हासिनीच्या वेळी दिवस राहिले तोवर ती तसली कामं करायची. हिरव्या पडद्यापुढे सांगतील तसं हसायचं, रडायचं, पाकीट घेऊन घरी यायचं. पुढे ते कुठे दिसतं, याची चौकशीही ती करत नसे.

प्रणीत त्याच खोलीतून चष्मा कपाळावर सरकवून आला होता.

“तुम्ही घाबरलात, ते मला कळतं.”

“मला नका बघू. तिला बघा.”

त्याने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. आवाज मऊ, मान किंचित तिरकी. तिने ओढणीचं टोक बोटाला करकचून गुंडाळलं, जुनी खोड. त्याची नजर त्या बोटावर गेली आणि त्याने समाधानाने मान हलवली.

“रडून घ्या. बरं वाटेल.”

“डॉक्टरगारू, मी रडायला आलेली नाही. तिचे ओठ सुजतायत.”

“आईला असं वाटतंच.”

मग मात्र तिने साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज चढवला. तो ढिम्म. उतू आलेलं दूध खाली बसायची वाट बघावी, तसा उभा.

तेवढ्यात वॉर्डातून कृपावतीची हाक आली. हासिनीला श्वास लागला होता. प्रणीत धावला, पण तो पोचेपर्यंत थोरल्या डॉक्टरांना फोनवर विचारून कृपावतीने मांडीत इंजेक्शन दिलंही होतं.

संध्याकाळी ओठ उतरले. हासिनीने इडली मागितली. तेव्हा कुठे स्रवंती तिला सिस्टरच्या हवाली करून उठली आणि तिने त्या खोलीचं दार ढकललं. राग निवला नव्हता, नुसता थंड झाला होता.

“मी बोलावलं तेव्हाच का नाही आलात?”

प्रणीतने नजर वर केली नाही. “वाटलं, तुम्ही शांत व्हाल.” तो घुटमळला. “दर वेळी तुम्ही होताच शांत.”

“दर वेळी? मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय.”

त्याने चष्मा पुढे केला. तिने तो हिसकावून डोळ्यांना लावला.

समोरच्या रिकाम्या खुर्चीत एक बाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिने डोळे पुसले, चेहरा वर केला आणि स्रवंतीच्याच आवाजात ती म्हणाली, “माझंच चुकलं, डॉक्टर. मी उगीच घाबरले.”