फरशीवरचा फोन

त्र्याण्णवच्या भूकंपापासून आप्पा स्लॅबखाली झोपत नाहीत. यंदा अंगणातल्या थंडीने त्यांना न्यूमोनिया झाला, म्हणून मी त्यांना लातूरला माझ्या खोलीवर आणलं. तरी ते दारातच बसून राहिले.

क्लासमध्ये फिजिक्स शिकवून आलो की वेळ घालवायला मी एक वेबसाइट उघडतो. फोन जमिनीवर ठेवला की ती जमिनीची थरथर रेघेत दाखवते. रविवारी दुपारी आप्पांना तीच दाखवली.

“बघा आप्पा, रेघ सरळ हाय. जमीन गप हाय.”

“तुझा फोन म्हणतोय व्हय तसं?” असं म्हणत ते पहिल्यांदाच आत आले.

तेवढ्यात रेघेवर तीन उंचवटे उमटले. थोड्या वेळाने पुन्हा तीन. मी पंखा बंद केला. तरीही तीनच. मधलं अंतर मोजलं, दर वेळी अकरा सेकंद. खोली तळमजल्यावर आहे. फरशीखाली फक्त माती.

मला काही कळेना. मी बोटाने फरशीवर चारदा टकटक केलं. चार उंचवटे उमटले, ते माझे.

अकरा सेकंदांनी पुन्हा चार उमटले. माझा हात मांडीवर होता.

आप्पांनी फरशीला कान लावला.

“तवा ढिगाऱ्याखालून असंच वाजत होतं. आम्ही जबाब दिला न्हाई,” ते म्हणाले. “तू दिलास. आता थांबू नको.”