हंड्यातलं अंगण

"बाई, याचं तर घर बुडतंय. मग हा हसतोय कशाला?" सातवीतल्या हर्षालीने विचारलं.

वर्गाच्या भिंतीवर धरणाच्या जुन्या बातमीची चित्रफीत थांबवलेली होती. खांद्यावर पितळी हंडा घेतलेला माणूस ट्रकपाशी हसत होता, आणि निवेदक म्हणाला होता, "गावकरी आनंदाने निघाले." तो माणूस रेवतीबाईंचा बाप होता, हे वर्गाला ठाऊक नव्हतं. त्या एका हसण्यापायी धरणाशी लढणाऱ्या गावाने त्याला मरेपर्यंत फितूर म्हटलं. ही बातमी बाईंनी आज धीर करून लावली होती.

"चौकटीबाहेर काय होतं, ते बघू या," बाई रोजच्यासारखं म्हणाल्या. आणि त्यांनी चकाकत्या वस्तूंवरची प्रतिबिंबं वाचणाऱ्या बिंबयंत्राचं बटण दाबलं.

यंत्राने हंड्याच्या चकाकीतला उजेड उलगडला आणि कॅमेऱ्यामागचं अंगण भिंतभर पसरलं. बुडणाऱ्या घरापुढेही आईने सडा घालून रांगोळी काढली होती. ती तुडवत एक वर्षाचं पोर, हात पसरून, आयुष्यातली पहिली पावलं बापाकडे टाकत होतं.

हर्षाली बाकावरून पुढे झुकली.

"बाई, ते बाळ कोण?"

"मी," रेवतीबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे जाताना नकळत त्यांचेही हात पसरले.