उरलेला डोळा

शालनताईंनी पुस्तक उघडलं, तर पान कोरं. पुढचं उलटलं, तेही कोरं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा तो संग्रह त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी वाचला होता. नव्या कृत्रिम डाव्या डोळ्याने तो साफ पुसून टाकला होता.

"अगं, जे आधीच मेंदूत आहे ते हा डोळा पुन्हा दाखवत नाही. वेळ वाचतो," लेक तनया म्हणाली. "हवं तर मी थोडक्यात सांगते."

"तुझं ते 'थोडक्यात' तुझ्यापाशीच ठेव."

ताईंनी डाव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि मोतीबिंदूने गढूळलेल्या उजव्या डोळ्याशी भिंग धरलं. एकेक अक्षर लावत तासाभरात दोन पानं झाली. मंगळावर निघालेल्या मुलीची कथा होती. तरुणपणी ताई तिच्यासोबत थेट यानात चढल्या होत्या, मागे वळूनही पाहिलं नव्हतं. आज मात्र त्या यानतळाच्या फाटकाशीच अडल्या. तिथे मुलीची आई डबा घेऊन उभी होती. तो द्यायचा राहूनच गेला होता.

"ही बाई मला तेव्हा दिसलीच नव्हती गं."

"आई, गुरुवारी हा उजवा डोळाही बदलला की त्रास संपेल."

"गुरुवारचं ऑपरेशन रद्द कर."

"पुढची तारीख वर्षभराने मिळेल! तोवर तो डोळा पुरता जाईल."

"जाऊ दे." ताईंनी पदराने भिंग पुसलं. "तो जायच्या आत उरलेल्या अकरा कथा वाचून होतात. सरक जरा, उजेड अडवतेस."