बावीस सेकंद

"गप्प बसा सगळे, आता आपलंच!" कोय ओरडला, आणि आईने मक्याच्या पावाचं ताट तसंच ठेवून रेडिओचं बटण पिळलं.

आधी जाहिराती लागल्या.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे जेवायला बसले होते. आई, पाद्री टार्प्ली, कोय, आणि कोयच्या डाव्या हाताला त्याची बहीण आर्डिथ. केंटकीच्या या डोंगरात शहरी रेडिओ केंद्र कोणी लावत नसे. आज लावलं होतं, कारण आर्डिथचं गाणं कंट्रीच्या, म्हणजे गावाकडच्या गाण्यांच्या, यादीतून उडी मारून पॉपच्या यादीत चौथं आलं होतं.

गाणं तिने लिहिलं होतं, तिनेच म्हटलं होतं. पण दुसऱ्या कडव्यानंतरचे बावीस सेकंद कोयचे होते. त्याची स्टील गिटार. आडवी, टेबलासारखी. तारा हातांनी छेडायच्या, आणि सूर चढवायला खालचे खटके पायांनी नि गुडघ्यांनी दाबायचे.

"पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा शिवणयंत्र चालवतोय," पाद्री म्हणाले.

"हसा, पाद्रीबाबा, हसा. पुढच्या महिन्यात मला भेटायला नॅशव्हिलच्या स्टुडिओत यावं लागेल तुम्हाला."

"म्हणजे?" आर्डिथने विचारलं.

कोयने कोंबडीची तंगडी मोडली. "नोकरी सोडली. शुक्रवारी खाणीत बिल्ला परत करून आलो. एकोणीस वर्षं कोळसा खाल्ला, बास झालं. आज सगळा देश ऐकेल गं मला. उद्यापासून बघ, स्टुडिओवाल्यांचे फोन कसे येतात ते."

"आणि मला आज सांगतोस, मेल्या!" आई म्हणाली. पण ती हसत होती.

गाणं सुरू झालं. आर्डिथचा आवाज स्वयंपाकघरात भरला. पहिलं कडवं गेलं. दुसरं संपत आलं तसा कोयने हात पुसले आणि तो ताठ बसला. पाद्रींनी चमचा खाली ठेवला.

रेडिओतून व्हायोलिनं आली. पंधरा-वीस तरी असावीत. एकसारखी, गुळगुळीत.

आईने आवाज वाढवला. मग आणखी वाढवला, जणू तिचा मुलगा त्या व्हायोलिनांच्या खाली कुठेतरी दबला होता. "अगं, हा कुठे गेला?"

आर्डिथच्या हातातला काटा ताटाला टेकून राहिला. मार्चमध्ये हॉटेलवर निर्मात्याचा फोन आला होता. 'शहरी केंद्रांसाठी गाणं जरा हलकं करून पाठवतोय,' तो म्हणाला होता. खाली गाडी थांबली होती, कार्यक्रमाला उशीर होत होता. 'करा,' ती म्हणाली होती. काय काढणार, हे तिने विचारलं नव्हतं.

"आर्डी," आई म्हणाली, "तुला विचारलं नाही का गं त्यांनी?"

"विचारलं होतं."

पाद्रींनी मान खाली घातली. आईचा हात रेडिओच्या बटणावरच राहिला.

"श्श," कोय म्हणाला. "ऐकू द्या."

तो रेडिओकडेच पाहत होता. त्याचे दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना होते, अगदी स्थिर. टेबलाखाली त्याचा डावा गुडघा बाहेर सरकला आणि आर्डिथच्या गुडघ्याला टेकला. दाबला. सुटला. मग पुन्हा दाबला, या वेळी जास्त वेळ. घराच्या ओट्यावर तो सराव करायचा तेव्हा ती शेजारी बसून गाणी लिहायची. कुठला सूर कुठे चढतो, तिला पाठ होतं. तिने पाय हलवला नाही.

रेडिओवर तिचा आवाज परत आला. त्याच क्षणी त्याचा गुडघा बाजूला झाला. अर्धी मात्राही इकडेतिकडे नाही.